चांदण्याचा इफेक्ट

“वाघमारे, इथं चांदणं वाजवायचंय.”

जोगळेकर बाईंनी स्क्रिप्टचं पान माझ्यापुढं सरकवलं आणि एका ओळीवर पेन्सिल आपटली. कंसात तीनच शब्द होते. ‘चांदण्याचा आवाज येतो.’ त्याच्या मागं काही नाही, पुढं काही नाही.

मी म्हटलं, “बाई, चांदण्याला आवाज कुठं असतो?”

“ते लेखकाला विचारा. शुक्रवारी रेकॉर्डिंग आहे.”

बाई नाटक विभागाच्या प्रमुख. पुण्याहून बदलून आलेल्या, कामाला कडक, बोलायला त्याहून कडक. मी त्यांच्या हाताखाली रेडिओवर इफेक्ट्सचं काम करायचो. तेव्हा आमचं शहर औरंगाबादच होतं, नाव बदलायला लई वेळ होता.

इफेक्ट्स म्हणजे रेडिओ नाटकात माणसाच्या बोलण्याखेरीज जे जे ऐकू येतं ते सगळं. घोडा धावला की मी नारळाच्या दोन करवंट्या फरशीवर आपटायचो. पाऊस म्हणजे सुपात ज्वारी घोळवायची. वीज कडाडली की पत्र्याचा तुकडा हलवायचा. जे असं जमत नाही ते टेपवर असायचं. टेपांच्या कपाटात दोन मोठे कप्पे होते. एकावर लिहिलेलं ‘सकाळ’, दुसऱ्यावर ‘रात्र’. कोंबडा, कावळा, देवळाची घंटा, विहिरीचा रहाट हे सकाळीत. रातकिडे, कुत्रं, घुबड, पहारेकऱ्याचे टोले हे रात्रीत. चांदण्याचा कप्पा नव्हता. कुणी मागितलाच नव्हता कधी.

मालिका जादूची होती. दर रविवारी दुपारी लागायची. नायकाचं नाव बुलंद. चौथ्या भागात एक जादूगार त्याचे डोळे बांधतो, त्याला तळघरात डांबतो आणि म्हणतो, “सांग, बाहेर अंधार आहे का चांदणं? बरोबर सांगितलंस तर सुटलास. चुकलास तर जागच्या जागी दगड.” मग आमची ती ओळ, चांदण्याचा आवाज येतो. मग बुलंद हसतो आणि म्हणतो, “चांदणं पडलंय!” साखळ्या तुटतात. भाग संपतो.

म्हणजे त्या एका आवाजावर सगळा भाग उभा. तो आवाज ऐकून बुलंदला कळायला पाहिजे, आणि खरं तर त्याच्या आधी ऐकणाऱ्याला. अन् तो आवाज कसला, ते खुद्द लेखकालाच ठाऊक नव्हतं!

लेखक होते हमीद कादरी. राहायला शहागंजात, रिटायर्ड मास्तर. मी त्यांना कॅन्टीनमध्ये गाठलं. बशीत चहा ओतून निवांत फुंकत बसले होते.

“कादरी साहेब, हे काय लिहून ठेवलंय?”

“क्यूं? काय झालं?”

“चांदण्याचा आवाज कसा काढू मी?”

“मियाँ, घोडा तुम्ही करवंटीतून काढता. पाऊस सुपातून काढता. मग चांदनीनंच काय घोडं मारलं तुमचं?”

“तसं नव्हं. तुमच्या मनात कसला आवाज होता?”

त्यांनी बशी खाली ठेवली. जरा विचारात पडले. “सच सांगू? माझ्या मनात काहीच नव्हतं. मी जिंदगीभर चांदनी लिहिली. परी आली की चांदनी. राजपुत्र आला की चांदनी. जादूचा तिलिस्म तुटला की चांदनी, सोबत चमेलीचा सुगंध. लिहायला काय लागतं? हे सुनवायचं असतं, ते ध्यानातच नाही आलं.”

हे खरं होतं. शहागंजातल्या एका प्रकाशकासाठी त्यांनी जादूची पातळ पातळ पुस्तकं लिहिली होती, किती ते त्यांचं त्यांनाही आठवत नव्हतं. रंगीत मुखपृष्ठ, त्यावर चंद्र, चंद्राखाली परी. वाचनालयातून लोक भाड्यानं न्यायचे. मी पण शाळेत असताना दप्तरात लपवून वाचलेली. पण एकाही पुस्तकावर कादरींचं नाव नाही. प्रकाशकानं एक बनावट नाव ठेवलं होतं, सगळी पुस्तकं त्याच नावानं खपायची.

“तुम्ही जाऊ दे म्हणा ना,” मी म्हटलं. “बुलंदला नुसतं बोलू द्या, ‘अहाहा, गारवा लागतोय, चांदणं पडलं असावं.’ झालं काम.”

कादरी साहेब एकदम गंभीर झाले. “वाघमारे भाऊ, तसं लिखा तर मोठे साहेब बंद करतील मालिका. मग माझं नाव बंद.”

मोठे साहेब म्हणजे केंद्राचे प्रमुख गोसावी. पहिले तीन भाग ऐकून ते म्हणाले होते, “पात्रं सगळं तोंडानंच सांगत बसतात. ‘अरे बापरे, केवढा हा डोंगर!’ ही काय जादू झाली? चौथ्या भागालाही पत्रं आली नाहीत तर थांबवा, त्या वेळात गाणी लावू.” तीन भागांना मिळून दोन पत्रं आली होती. त्यातलं एक कादरींच्या मेव्हण्याचं.

“रविवारी भाग संपला की ती अनाउन्सर बाई म्हणते ना, ‘लेखक, हमीद कादरी’?” ते हळू आवाजात सांगायला लागले. “आमची फातिमाबी त्या टायमाला शेजारपाजारच्या बायकांना घरात बसवून ठेवते. बुलंदचं त्यांना काही पडलं नाही. त्या फक्त नाव सुनायला येतात. एवढ्या बरसांत माझं नाव कुणी असं मोठ्यानं घेतलं नव्हतं हो.”

मी चहा संपवला आणि उठलो.

दोन दिवस मी नुसता बावचळून गेलो. आधी जलतरंग वाजवून घेतलं. बाई म्हणाल्या, “कपबशा धुताय का?” काचेचे तुकडे दोऱ्याला टांगून हलवले. “हे झुंबर झालं.” बासरी लावली. “हा कृष्ण आला.” रातकिडे लावले. बाई जरा थांबल्या. मला वाटलं जमलं. मग म्हणाल्या, “ही रात्र झाली हो. पण अंधारी का चांदणी? तो तर प्रश्न आहे बुलंदचा.” त्यांचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग यायचा. तिसऱ्या दिवशी तर मी स्टुडिओचे दिवे घालवून एकटाच बसलो आणि सगळ्या टेपा एकामागून एक ऐकल्या. शेवटी शेवटी मला घुबडात पण चांदणं ऐकू यायला लागलं. डोक्याचा पार भुगा झाला.

बुधवारी माझी रजा होती. माझी मावशी फर्दापूरजवळच्या खेड्यात राहायची. तिचा चष्मा दुरुस्तीला माझ्याकडं आलेला, तो द्यायला गेलो. भर दुपारी पोचलो तर मावशी दारात बसून कापसातला कचरा वेचत होती. चष्मा नसल्यामुळं निम्मा कापूसच कचऱ्यात टाकत होती.

माझा चेहरा बघून म्हणाली, “काय रं, सायबानं झापलं का काय?”

अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसं झालं होतं माझं. एसटीत कंडक्टरलासुद्धा विचारून झालं होतं. तिलाही विचारलं, “मावशे, चांदण्याचा आवाज कसा असतो गं?”

ती हसून हसून लाल झाली. “आरं येड्या, चांदणं कुठं वरडतंय? चांदण्यानं कावळं वरडतंय.”

“कावळा? रातीचा?”

“व्हय! टिपूर चांदणं पडलं की त्याला वाटतंय उजाडलं. झाडावरच्या झाडावर एकदा वरडतं. मंग इकडं तिकडं बघतं, दुसरं कुणी बोलंना. मंग आणिक एकदा, जरा दबकत. मंग त्याचं त्यालाच कळतं आपुन फसलो म्हणून. गप बसतं.”

“अन् अंधाऱ्या रातीला?”

“अंधारात कशाला वरडंल? तुझ्यासारखं हाय व्हय ते?”

मी तिथंच कपाळावर हात मारला. लहानपणी त्याच गावात खळ्यावर झोपायचो आम्ही. चांदण्यात कावळा बोलला की मावशीचा नवरा झोपेतच त्याला शिवी द्यायचा. मला हे सगळं माहीत होतं! पण रेडिओत लागल्यापासून कावळा म्हणजे सकाळ, एवढंच डोक्यात राहिलेलं. कप्प्यावर तसंच लिहिलं होतं ना.

गुरुवारी सकाळी मी टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून कॅन्टीनच्या मागं उभा राहिलो. पोळीचे तुकडे टाकले. कावळे आले चिक्कार, पण सगळे भांडायला लागले. दिवसाचा कावळा कसा ठासून ओरडतो. मला पाहिजे होता झोपेतून उठलेला, गोंधळलेला. खरं म्हणजे त्या आठवड्यात माझ्यासारखा. मी स्वतः ओरडून बघितलं तर खाकरल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात कादरी साहेब आले. मी त्यांना मावशीचं सांगितलं. ते ऐकता ऐकता जागच्या जागी थांबले.

“या अल्ला! आमच्या खिडकीसमोर लिंबाचं झाड आहे. त्यावरचा कावळा. मी रातभर बसून चांदनी लिहायचो अन् तो हरामखोर बाहेर ओरडून माझा मूड खराब करायचा!”

“मग लिहिलं का नाही कधी?”

“परीच्या गोष्टीत कावळा कोण घालतो मियाँ?”

“ओरडतो कसा तो?”

कादरी साहेबांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. मान जरा तिरकी केली, डोळे अर्धे मिटले आणि घशातून एक आवाज काढला. एकदाच. मग थांबले. मग पुन्हा एकदा, हळू, शेवट जरा वर नेऊन, विचारल्यासारखा. कॅन्टीनमधल्या दोघांनी खिडकीतून वर झाडाकडं बघितलं. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ते हेच. तीन दिवस मी ज्याच्यासाठी वणवण केली तो आवाज माझ्या शेजारी बसून चहा पीत होता.

मी त्यांना हाताला धरून स्टुडिओत नेलं आणि टेप केली.

जोगळेकर बाईंनी ऐकली. हेडफोन काढला, पुन्हा घातला, पुन्हा ऐकली.

“आवाज उत्तम आहे. पण हा कावळा आहे.”

“हो बाई.”

“रेडिओवर कावळा म्हणजे सकाळ. आपणच शिकवलंय लोकांना, इतकी वर्षं. आता आपणच म्हणायचं, हा तो नव्हे?”

“बाई, खेड्यात विचारा कुणालाही.”

“आणि शहरात?”

  बाई खुर्चीत बसल्या, उठल्या, पेन्सिल चावली. शेवटी म्हणाल्या, “आधी पहारेकऱ्याचे दोनचे टोले घ्या. मग रातकिडे. मग कावळा. म्हणजे सकाळ नाही हे तरी कळेल.” मग कादरींकडं वळल्या. “कादरी साहेब, हे चुकलं तर मालिका जाईल. तुम्ही सांगा.”

कादरी साहेबांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. “बाई, बाकी सगळं मी झूठ लिहिलंय. जादू झूठ, परी झूठ. हा एक कावळा सच्चा आहे. राहू द्या.”

रविवारी भाग लागला. सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर मेमो.

रेडिओवर जे जे लागतं ते एक ड्यूटी ऑफिसर बसून ऐकतो आणि चुका रजिस्टरात लिहितो. त्यानं लिहिलं होतं, ‘मालिकेत रात्री दोनचे टोले पडल्यावर लगेच सकाळचा इफेक्ट वाजला. टेप चुकीची लागली असावी. संबंधितांकडून खुलासा घ्यावा.’ संबंधित म्हणजे मी. टोले घातल्यामुळं चूक आणखीच ठळक झाली होती!

खुलासा लिहायला बसलो तर पहिलं वाक्यच होईना. ‘सदर कावळा चांदण्यामुळे फसलेला होता’ असं सरकारी कागदावर लिहायचं तरी कसं? चार कागद फाडले.

गुरुवारी साहेबांनी तिघांनाही बोलावलं. टेबलावर पोस्टकार्डांचे दोन गठ्ठे होते.

“वाघमारे, दोनच्या टोल्याला कावळा?”

“साहेब, तो सकाळचा कावळा नाही. चांदण्यातला आहे.”

“कावळ्यात जाती असतात का?”

“जात एकच, साहेब. हा फसलेला आहे.”

 साहेबांनी एका गठ्ठ्यावर हात ठेवला. “ही शहरातली पत्रं. एक प्राध्यापक लिहितात, ‘डोळे बांधलेल्या माणसानं कावळा ऐकला तर तो सकाळ म्हणेल. चांदणं कसं म्हणाला? की तुमची टेप चुकली?’ बाकीचे पण तेच विचारतात.” मग दुसरा गठ्ठा. “ही खेड्यांतली. हे अजिंठ्याचं. ‘कावळा वरडला तवाच आमची आई म्हणाली, सुटलं पोरगं. बुलंद तर मागून बोलला.’” त्यांनी कार्ड उलटसुलट केलं. “आता बरोबर कोण?”

  कादरी साहेब खुर्चीच्या कडेवर बसले होते, पडतील असे.

“साहेब,” ते म्हणाले, “चूक असेल तर माझी. कावळा मीच ओरडलो. वाघमारे भाऊंना मेमो नको. मालिका बंद करा, हरकत नाही. फक्त एक अर्ज आहे. बंद करतानाच्या भागात एकदा नाव घ्या. फातिमाबीला मी सांगितलं नाही अजून.”



जोगळेकर बाई ताडकन म्हणाल्या, “रेकॉर्डिंगवर सही माझी आहे. मेमो मला द्या.” मग थोड्या खालच्या आवाजात, “मला स्वतःला अजून पटलेलं नाही, ते वेगळं.”

गोसावी साहेबांनी चष्मा काढला. डोळे चोळले.

“तुम्ही ओरडलात? तुम्ही स्वतः?”

“हौ साहेब.”

“माझी मंडळी पैठणकडची आहे,” साहेब सावकाश म्हणाले. “रविवारी दुपारी आम्ही जेवत होतो. रेडिओ चालू होता. ती मध्येच म्हणाली, ‘चांदणं पडलं वाटतं.’ बाहेर रखरखीत ऊन. मला वाटलं, हिला ऊन लागलं. मी तिला पाणी दिलं.”

आम्हा तिघांना हसावं का नाही तेच कळेना.

साहेबांनी माझा मेमो ओढला, पेन काढलं, थांबले, पुन्हा लिहायला लागले. मग कागद माझ्याकडं सरकवला. वर लिहिलं होतं, ‘खुलासा समजला नाही. पत्रे आली. मालिका चालू ठेवावी.’ खाली सही. तो मेमो मी अजून जपून ठेवलाय.

मालिका पूर्ण तेरा भाग झाली. तेरा रविवार कादरी साहेबांचं नाव लागलं. त्यानंतर त्यांना दुसरी मालिका मिळाली नाही. लोकांना टीव्ही मिळाला, भाड्याची पुस्तकं पण बंद पडली. काही वर्षांनी कादरी साहेब गेले. मी तेव्हा बाहेरगावी बदलीवर होतो. परत आलो तेव्हा भेटायला शहागंजात गेलो. खिडकीसमोर ते लिंबाचं झाड होतं.

फातिमाबींनी चहा दिला. समोर रेडिओ होता, विणलेला रुमाल घातलेला.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “सकाळी शेतकऱ्यांचा प्रोग्राम लागतो ना, त्याच्या आधी कावळा बोलतो. ते आमचे हैत ना?”

मी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम सहाच्या आधी उठलो. बैलांच्या घुंगरांनंतर तो आला. एकदा. मग हळू, शेवट जरा वर नेलेला. कादरी साहेबच होते ते.

ऑफिसात जाऊन टेपांचं कपाट उघडलं. चूक माझीच निघाली. चौथ्या भागाच्या आठवड्यात मी टेप डबीत घातली आणि लेबल उद्या लावू म्हणून ठेवून दिली. मेमोच्या गडबडीत ते उद्या आलंच नाही. नंतर कुणीतरी टेप ऐकली, कावळा आहे म्हणून डबीतल्या कार्डावर ‘कावळा, स्वच्छ आवाज’ असं लिहिलं आणि ‘सकाळ’च्या कप्प्यात ठेवली. स्वच्छ आवाज म्हणून प्रोग्रामवाल्यांनी तीच उचलली. चांदण्यातला कावळा रोज उजाडल्यावर ओरडत होता. आता तो फसलेला नव्हता, बरोबर होता, अन् कुणाची तक्रारही येत नव्हती.

मी कार्डावर लिहिलं, ‘चांदणं. आवाज, हमीद कादरी.’ पण इफेक्टचं नाव कधी अनाउन्स करत नाहीत. करवंट्यांचं करत नाहीत, सुपाचं करत नाहीत, कावळ्याचं कोण करणार?

फातिमाबींना जाऊन सांगितलं, तेच आहेत म्हणून. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, “रोज बोलतात. मग ती बाई नाव का घेत नै?”

एवढ्या नोकरीत मी बरंच काही वाजवलं. शिकलो मात्र एकच गोष्ट. डबीवरचं लेबल त्याच दिवशी लावावं.